वस्तीतला पहारा

युद्धाची गोष्ट निघाली की आपले लक्ष साहजिकच सीमेकडे धावते. परंतु ज्याचे सीमेवर जाण्याचे वय निघून गेले आहे, अशा जुन्या शिपायाने युद्धकाळात काय करावे? आज मी अशाच एका शिपायाविषयी चार शब्द सांगणार आहे. २०२५ च्या मे महिन्यात नागरी संरक्षणाच्या कवायती देशभर झाल्या, तेव्हा भोंग्याचा आवाज ऐकून मला प्रथम त्यांचीच आठवण झाली.

साल १९७१. घाटकोपरच्या टेकडीच्या पायथ्याशी एका चाळीत आम्ही राहत होतो. मी त्या वेळी शाळकरी मुलगा होतो. चाळीच्या टोकाच्या खोलीत सातारा जिल्ह्यातून आलेले एक गृहस्थ एकटेच राहत; सारी चाळ त्यांना हवालदारकाका म्हणे. दुसऱ्या महायुद्धात ते मराठा पलटणीत होते. या पलटणींनी १९४१ साली एरिट्रियात केरेन येथे झुंज दिली आणि पुढे इटलीत यशवंत घाडगे व नामदेव जाधव या दोन वीरांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. काका इटलीच्या मोहिमेत होते. पण लढाईपेक्षा तिथल्या थंडीचेच वर्णन ते अधिक करीत. निवृत्तिवेतनात संसार भागेना, म्हणून ते मुंबईस येऊन एका कारखान्यात रखवालदार झाले. बायकामुले गावी आणि दरमहा मनिऑर्डर, असा त्यांचा संसार होता.

३ डिसेंबर रोजी संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या पश्चिमेकडील विमानतळांवर हल्ला केला आणि युद्धास तोंड लागले. मुंबईत काळोख पाळण्याचा हुकूम झाला. खिडक्यांना काळे कागद लागले, मोटारींच्या दिव्यांचा वरचा भाग काळा रंगविला गेला. आमच्या उपनगरापासून तुर्भ्याचे तेलशुद्धीकरणाचे कारखाने आणि भाभा अणुसंशोधन केंद्र फार दूर नव्हते. तेव्हा एका खिडकीतला उजेड म्हणजे केवळ त्या घराचा प्रश्न नव्हता. पन्नाशी उलटलेल्या काकांनी नागरी संरक्षण दलात वॉर्डन म्हणून नाव नोंदविले. दिवसा कारखाना आणि रात्री हातात काठी व शिट्टी घेऊन वस्तीत फेरी, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

जुन्या शिपायांना असे काम देण्याची कल्पना नवी नाही. इंग्लंडात १९४० च्या मे महिन्यात सतरा ते पासष्ट वर्षांच्या पुरुषांना स्वयंसेवक म्हणून पाचारण करण्यात आले, तेव्हा पहिल्या महायुद्धातील कित्येक शिपाई पुन्हा रांगेत उभे राहिले; तेच पुढे होमगार्ड. आपल्याकडे होमगार्ड दल प्रथम उभे राहिले ते याच मुंबईत, डिसेंबर १९४६ मध्ये. निवृत्त जवानांना पुन्हा सेवेत घेऊन लष्करी कोठारांवर पहारा देणारे संरक्षण सुरक्षा दलही १९४७ सालचेच. तरुण आघाडीवर जातो, तेव्हा मागचा दरवाजा कोणीतरी राखावा लागतो.

एके रात्री आमच्या घरी दिवा जळत होता. आजीला दम्याचा झटका आला होता. दारावर काठी वाजली. काका म्हणाले, "भाऊसाहेब, उजेड बाहेर येतोय." वडील चिंतेने आणि जागरणाने त्रासलेले होते. ते उसळून म्हणाले, "तुम्ही खेड्यातून आलात, आम्हा शहरातल्या माणसांना शिकवू नका!"

काका क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "गाव माझं तिकडंच आहे, भाऊसाहेब. पण पहारा इथं लागलाय." एवढे बोलून त्यांनी अंगावरची घोंगडी काढली, आमच्या खिडकीवर बांधली आणि म्हणाले, "आता लावा दिवा. म्हातारीला अंधारात ठेवू नका."

युद्ध संपेपर्यंत ती घोंगडी आमच्या खिडकीवर होती. डिसेंबरच्या थंडीत काका नुसत्या सदऱ्यावर फेऱ्या घालीत होते, हे आम्हाला पुढे कळले. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडील लढाईही थांबली. आईने घोंगडी धुऊन माझ्या हाती परत पाठविली. वडील काही स्वतः गेले नाहीत. आज जाऊ, उद्या जाऊ, असे म्हणता म्हणता दिवस गेले. काका नोकरी सोडून गावी गेले, आणि दोन शब्द बोलायचे राहिले ते राहिलेच. वडील अखेरच्या दुखण्यातही खिडकीकडे पाहून म्हणत, "त्यांच्याकडे जायला हवे होते."

सातारा जिल्ह्यात अपशिंगे या गावी पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या शेहेचाळीस जवानांचे स्मारक आहे, आणि ते असणे सर्वथा उचित आहे. पण परक्या शहरात, परक्या लोकांच्या खिडक्या राखीत रात्र काढणाऱ्यांचा शिलालेख कोठे सापडत नाही. त्यांच्या पहाऱ्यात बहुधा काही घडत नाही. आणि काही घडले नाही, हीच तर त्यांची कामगिरी असते.

श्रोतेहो, आपल्या दाराशीही असा एखादा वृद्ध रखवालदार बसत असेल. त्याला एकदा विचारा, "आपण पूर्वी कोठे होता?" आणि काही चुकून बोलला असाल, तर उद्यावर टाकू नका.