रुपया कोणाच्या हातीं जातो?



किती वाचवावें याचें शिक्षण आपणां सर्वांस घरींच मिळतें. खर्चलेला रुपया कोणाच्या हातीं जातो, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

मुंबईच्या कोटांतील ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ पुष्कळांच्या परिचयाचें होतें. टी. एन. शानभाग यांनीं १९४८ सालीं स्ट्रँड चित्रपटगृहांत एका लहानशा जागेंत तें थाटलें. छापील किंमतींत सूट द्यावी, आणि येणाऱ्यास पुस्तकें खुशाल चाळूं द्यावीं, अशी तेथील चाल. २००३ सालीं शानभागांस पद्मश्री मिळाली, २००९ सालीं ते वारले, आणि फेब्रुवारी २०१८ मध्यें दुकानच बंद झालें. शेवटच्या दिवसांत तेथें गर्दी लोटली. हळहळ खरी होती, यांत शंका नाहीं. परंतु त्या गर्दींतील किती जणांनीं मागील वर्षभरांत तेथें एखादें तरी पुस्तक विकत घेतलें होतें?

पुस्तक दुकानांत चाळावयाचें, विक्रेत्याचा सल्ला घ्यावयाचा, आणि घरीं येऊन पन्नास रुपये कमी पडतात म्हणून तेंच दूरच्या कोठारांतून मागवावयाचें, हा व्यवहार आतां सर्रास चालतो. त्या पन्नास रुपयांतच दुकानाचें भाडें, नोकराचा पगार आणि त्या सल्ल्याचें मोल असतें, हें आपण विसरतों.

सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबारास हातसुताच्या जाड्याभरड्या वस्त्रांत गेले. तो प्रश्न देशाचा होता. आपला आहे आळीचा. त्यासाठीं इतकें कडक व्रत नको. दुकान केवळ जुनें म्हणून, किंवा मालक ओळखीचा म्हणून, वाईट माल पत्करावा असें मी म्हणणार नाहीं. तो दानधर्म झाला, आणि दानधर्मावर दुकान फार दिवस चालत नाहीं. परंतु उद्यां जें नाहींसें झालें तर आपणांस खरोखर चुटपुट लागेल, असें दुकान प्रत्येकाच्या मनांत एखादें तरी असतेंच. महिन्याच्या खर्चांत त्याच्या नांवें कांहीं रक्कम आधींच धरून ठेवावी, मग ती थोडी कां असेना.

आणखी एक गोष्ट, थोडी अप्रिय. दूरच्या व्यापाऱ्यास आपण बहुधा माल येण्यापूर्वींच पैसे चुकते करतों; कोपऱ्यावरच्या वाण्याच्या वहींत मात्र श्रावणांतील बाकी दिवाळीपर्यंत लोंबकळत राहते. त्याच्या घाऊक व्यापाऱ्याला तर मुदतींत पैसे हवे असतात. नवी खरेदी राहूं द्या. या आठवड्यांत आधीं ती बाकी फेडून यावें.