हात कोणी पसरायचा

सकाळपासून त्या काळ्या झग्यात घामाघूम झालेल्या माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

यवतमाळच्या उन्हात हा झगा घालायची कल्पना कोणाची, ते मला ठाऊक नाही. ज्याची असेल त्याला एकदा मे महिन्यात दत्त चौकात दुपारी उभं करावं. तुम्ही दोन तास तो निमूटपणे सोसलात, म्हणून मी फार वेळ घेणार नाही.

तुमच्या हातातल्या पदवीवर एक नाव छापलेलं आहे. घरी गेल्यावर ती कपाटात ठेवण्याआधी ते नाव एकदा नीट वाचा. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. माझ्या पदवीवर नुसतं ‘अमरावती विद्यापीठ’ होतं. १९८३ साली हे विद्यापीठ नागपूरपासून वेगळं निघालं आणि मी त्याच्या सुरुवातीच्या तुकड्यांतला. बाबांचं नाव नंतर आलं. बाबा म्हणजे शेंडगावचे डेबूजी झिंगराजी जाणोरकर, जातीनं परीट. लहानपण गेलं ते मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाच्या घरी, गुरं वळण्यात आणि वावरात. आपली शकुंतला आगगाडी इथून निघून ज्या मूर्तिजापूरला जायची, तेच मूर्तिजापूर. ज्या माणसाला शाळा मिळाली नाही, त्याच्या नावाची पदवी घेऊन तुम्ही आज घरी जाणार आहात.

बाबांना आपण खराट्यावरून ओळखतो. मला आज त्यांची दुसरी ओळख सांगायची आहे. विदर्भात त्यांच्याइतका मोठा मागणारा माणूस दुसरा झाला नाही. पूर्णेकाठी ऋणमोचनला घाट, पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहूला धर्मशाळा, हे सगळं लोकांकडे मागून उभं राहिलं. स्वतःच्या अंगावर चिंध्या आणि हातात मडक्याचं खापर. त्या खापरात भाकरी पडायची. वर्गणीचा पैसा त्यात पडत नसे, तो विश्वस्तांकडे जायचा. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. जे मागून उभं केलं ते मुलांच्या शिक्षणासाठी सोडूनही दिलं. कीर्तनात ते बायाबापड्यांना सांगत की ताट नसलं तर हातावर भाकर घ्या, पण पोरांना शाळेत घाला.

दुसऱ्यासाठी मागताना या माणसाला कधी लाज वाटली नाही. आपल्याला वाटते. आपण शिकलेले आहोत ना! मंडळाच्या गणपतीची पावती घेऊन दारोदार फिरताना वाटत नाही, पण ‘शेजारच्या पोरीची फी भरायची आहे, पाचशे द्या’ म्हणताना जीभ अडखळते. मग काय होतं? मागायचं काम त्या पोरीवर येतं. मला आज एवढ्याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे.

आपल्या जिल्ह्यात शिक्षण सुटतं ते जून-जुलैत. तुमच्यापैकी निम्म्यांना हे सांगायची गरज नाही. मृग लागला की घरातला होता नव्हता तो पैसा बियाण्याच्या पिशव्यांत आणि खतात जातो. पीककर्ज मिळालं तर ठीक, नाही तर सावकार आहेच. नेमक्या त्याच दिवसांत प्रवेशाच्या याद्या लागतात. खोलीचं डिपॉझिट, मेसचा आगाऊ महिना, पुस्तकं, दाखल्यांच्या झेरॉक्स. कापसाची पहिली वेचणी दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला आणि हातात पैसा त्याहून उशिरा. शिष्यवृत्ती तर कधी कधी वेचणी संपून उलंगवाडी झाल्यावर उगवते. म्हणजे कास्तकाराच्या घरात पैसा येण्याचा महिना आणि कॉलेजात भरण्याचा महिना यांच्यात पाच-सहा महिन्यांची दरी असते. ‘घरची परिस्थिती’ म्हणून आपण जे हळहळत सांगतो, ते पुष्कळदा या दरीचंच नाव असतं. बाप गरीब असतो हे खरंच आहे, पण पोरगं गळतं ते जूनमधल्या चार-पाच हजारांसाठी. डिसेंबरात तेच पैसे बाप देऊ शकला असता. तोवर पोरगं पुण्याच्या किंवा सुरतेच्या कुठल्या तरी कारखान्यात लागलेलं असतं.

मुलींचं आणखी वेगळं. बारावीपर्यंत त्यांना एसटीचा पास मोफत. पदवीच्या पहिल्या वर्षाला तो थांबतो आणि पास थांबला की गाव लांब जातं. आता बायकांना अर्धं तिकीट झालं आहे. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्कही माफ झालं आहे. चांगलं झालं. पण शुल्क माफ झालं तरी झरी-जामणीच्या पोडावरची कोलामाची मुलगी यवतमाळात राहणार कुठे आणि जेवणार काय, हा प्रश्न तसाच उरतो. आश्रमशाळेनं तिला बारावीपर्यंत आणून सोडलेलं असतं. पुढचा उंबरठा तिचा तिनं ओलांडायचा.

मी स्वतः या दरीत पडता पडता राहिलो. दुसऱ्या वर्षाला होतो. कापसाचा चुकारा तेव्हा हप्त्याहप्त्यानं मिळायचा आणि त्या साली हप्ता लांबला. मी एका काकूंच्या खानावळीत जेवायचो. चार महिन्यांचे पैसे थकले, तेव्हा मी डबा बंद करायला गेलो. काकूंनी वही काढली, माझ्या नावापुढे आकडा लिहिला आणि म्हणाल्या, ‘‘परीक्षा झाल्यावर पाहू. आज वांग्याची भाजी हाय.’’ एवढंच. ना उपदेश, ना ‘बाबा रे, शिकून मोठा हो’. मी डबा घेऊन खोलीवर आलो.

त्याच वर्षी दुसरीही एक मदत मिळाली, ती अजून घशात अडकलेली आहे. एका ठिकाणी ‘गरजू व होतकरू’ विद्यार्थ्यांना मदत वाटायचा कार्यक्रम होता. आम्हाला सकाळी नऊला बोलावलं, पाहुणे बाराला आले. नाव पुकारलं की व्यासपीठावर जायचं, पाकीट धरायचं, कॅमेऱ्याकडे पाहायचं. फोटोवाल्याचा रोल अडकला म्हणून मला पाकीट परत देऊन पुन्हा घ्यायला लावलं. सूत्रसंचालक माझ्या बापाच्या कर्जाचा आकडा माइकवर वाचत होता. पाकिटात दोनशे रुपये होते. ते मी वापरले, गरजच होती. पण पुढच्या वर्षी त्याच कार्यक्रमाचा फॉर्म आला तेव्हा मी तो भरला नाही. माझ्यासारखे किती जण तो फॉर्म भरत नसतील, आणि देणारे म्हणत असतील की गरजू मुलं मिळतच नाहीत!

जुन्या कापूस बाजारात आडत्याच्या पट्टीवर तोलाई, हमाली यांच्यासोबत ‘धर्मादाय’ नावाचीही एक कट्टी असायची. कापूस विकणाऱ्याच्या पैशातून धर्माच्या नावानं थोडे कापून घ्यायचे. त्यातून पुढे कुठे गोरक्षण उभं राही, कुठे पाणपोई, आणि दगडावर नाव दुसऱ्याचंच. दान या शब्दाबद्दल आपल्या शेतकऱ्याच्या मनात जी किंचित अढी आहे ती उगाच नाही. त्याच्याच खिशातून जाऊन त्यालाच उपकार म्हणून परत आलेला पैसा त्यानं पाहिला आहे.

दीक्षान्त समारंभाचा मूळ उपदेश उपनिषदातला मानतात. गुरुकुल सोडणाऱ्या शिष्याला गुरू शेवटचं सांगतो त्यात दान कसं द्यावं हेही आहे, आणि त्यातली एक अट मला फार आवडते. देताना देणाऱ्यानं लाजावं. तो उपदेश ऐकायची मुभा तेव्हा डेबूजीच्या जातभाईंना नव्हती, ही गोष्ट वेगळी. पण अट बरोबर आहे. आपण मात्र ती उलटी केली. देणारा हार घालून बसतो आणि घेणारा मान खाली घालतो.

याच शहरात जानेवारी २०१९ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. उद्घाटकाच्या निमंत्रणावरून जे रामायण झालं ते मी उगाळत नाही. शेवटी उद्घाटन केलं ते वैशाली येडे यांनी, कळंब तालुक्यातल्या, नवऱ्याच्या आत्महत्येनंतर घर सांभाळणाऱ्या बाईंनी. मी मांडवात होतो. तशा बाईला व्यासपीठावर बोलावून साडी-चोळी देताना आपण कैक वेळा पाहिलं आहे. त्या दिवशी त्यांच्या हातात माइक होता आणि आम्ही खाली बसून ऐकत होतो. मान वर कोणाची आणि खाली कोणाची, हे व्यासपीठाची मांडणी बदलली की बदलतं.

भाऊराव पाटलांनी ही मांडणी फार आधी ओळखली होती. १९१९ साली कराडजवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ पासून साताऱ्याला वसतिगृह. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. ही गोष्ट आपण डोळे पुसत सांगतो आणि तिथेच थांबतो. त्यापुढची गोष्ट जास्त कामाची आहे. एकीच्या मंगळसूत्रावर वसतिगृह किती दिवस चालणार? म्हणून मुष्टिफंड आला. घरोघरी दळणाच्या वेळी एक मूठ धान्य बाजूला काढायचं आणि ते गोळा करून वसतिगृहात न्यायचं. मुलं संस्थेच्या शेतात राबायची, कमवायची आणि शिकायची. मूठभर देणाऱ्या बाईचं नाव कुठल्या दगडावर लागत नव्हतं आणि जेवणाऱ्या मुलाला आपण कोणाची मूठ खातोय हे कळत नव्हतं. आपल्याकडे पापळच्या पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं तेही सर्व जातींच्या मुलांसाठी. आज सरकारची वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजना त्यांच्या नावानं आहे. तुमच्यापैकी काहींनी तिचा फॉर्म भरला असेल.

अलीकडचं सांगायचं तर याच यवतमाळातून २०१७ साली राजू केंद्रे आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘एकलव्य’चं काम सुरू केलं. लोणार तालुक्यातल्या खेड्यातला हा शेतकऱ्याचा मुलगा, पुढे चेवनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकून आला. ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेज पाहिलं नाही अशा मुलांना, नामांकित विद्यापीठांचे अर्ज कसे करायचे, प्रवेश परीक्षा कशी द्यायची, शिष्यवृत्ती कुठे आहे, हे पुढे गेलेली मुलं सांगतात. पैशाआधी माहिती पोचवायची, हा त्यातला शहाणपणा मला मोलाचा वाटतो.

कारण सरकारी हक्काची शिष्यवृत्ती बुडू द्यायची आणि तेवढ्याच पैशासाठी वर्गणी मागत फिरायचं, हा आळस आहे. पारध्याच्या बेड्यावरच्या किंवा कोलाम पोडावरच्या मुलाचा जातीचा दाखला नसतो, दाखला असला तर पडताळणी अडकते, आधार बँकेला जोडलेलं नसतं, महाडीबीटीचा ओटीपी बापाच्या बंद पडलेल्या मोबाइलवर जातो. तुम्ही गावी जाल तेव्हा अशा एका मुलाबरोबर दोन दिवस सेतू केंद्रावर बसा. ती मदत पावतीवर दिसत नाही, पण चार वर्षांचं शिक्षण तिच्यावर उभं राहतं. बाबासाहेबांनी शिष्यवृत्तीवर कोलंबिया गाठलं. स्वयं, स्वाधार या राहण्या-जेवणाच्या सरकारी योजना आज त्याच वाटेवरच्या आहेत आणि त्या हक्क आहेत, उपकार नाहीत.

हक्काचं सगळं पदरात पाडून घेतल्यावर जी फट उरते, जूनपासून डिसेंबरपर्यंतची, तिच्यासाठी मागा. ते तुम्ही मागा. पदवी तुमच्या हातात आहे, पोरीच्या नाही. दहा जण मिळून एका गावासाठी मागितलं तरी पुरतं. मे महिन्यात मागायला निघा, ऑगस्टमध्ये नको. पैसा मेसवाल्याला, घरमालकाला, पुस्तकाच्या दुकानात परस्पर भरा. फोटो काढू नका. व्हॉट्सअॅपवर मुलाचं नाव, गाव, बापाचं कर्ज टाकून मदत मागू नका. हिशेब मात्र चव्हाट्यावर मांडा, पैसा आला किती आणि गेला कुठे. काम वाढलं तर धर्मादाय कार्यालयात रीतसर नोंदणी करा आणि दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्या. मुलाचं नाव झाकायचं आणि हिशेब उघडा ठेवायचा. आपण आजवर नेमकं उलटं करत आलो. आणि कोणी डिसेंबरात पैसे परत आणून दिले तर ‘राहू दे’ म्हणू नका. घ्या. ज्याला परत करता येतं त्याची फेडण्याची संधी हिरावून घेणं हाही एक माज असतो.

हे मला काकूंनी शिकवलं. पहिला पगार झाला तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो. खिशात पैसे होते आणि डोळ्यांत पाणी. मनात एक छोटंसं भाषणही तयार होतं. काकू भाकऱ्या थापत होत्या. हात पुसून त्यांनी पैसे घेतले, दोनदा मोजले, वही काढून माझ्या नावावर आडवी रेघ मारली. मी तोंड उघडणार एवढ्यात त्या म्हणाल्या, ‘‘सारं बराबर हाय बावा. पन डब्याचं झाकन काहून नाई आनलं?’’