ज्ञातीचा औषधनिधी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या औषधनिधीविषयी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. निधी कसा वाढला हे अहवालात छापलेलेच आहे. मला बोलावयाचे आहे ते त्याच्या नियमांतील ‘केवळ ज्ञातिबांधवांकरिता’ या शब्दांविषयी.

असे निधी निघाले त्यास कारण होते. १८९७ साली पुण्यात प्लेगचा कहर झाला, तेव्हा रँडसाहेबांच्या अंमलात सोजिरांनी घरे धुंडाळली, संशयितांना उचलून नेले. परक्यांच्या इस्पितळात आपल्या माणसाचे हाल होतील, या धास्तीने निरनिराळ्या समाजांनी आपापली रुग्णालये काढली. टिळकांनीही हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ चालविले. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु ज्या समाजाजवळ पैसा नव्हता, त्याने जावे कोठे?

त्याच प्लेगात सावित्रीबाई फुले यांचे चिरंजीव डॉ. यशवंतराव यांनी हडपसरच्या बाजूस दवाखाना घातला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील एक आजारी मुलगा बाईंनी स्वतः पाठीवर घेऊन तेथे पोहोचविला. मुलगा वाचला, बाईंना मात्र संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या. त्यापूर्वी, १८६८ साली, जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. पाण्याचा आणि आरोग्याचा संबंध सांगावयास डॉक्टर कशाला हवा?

माझ्या बालपणी आमच्या वाड्यात टोपलीचे संडास होते. मागच्या बोळातून एक बाई मैला उचलावयास येत असे. तिच्या तान्ह्या मुलास ताप भरला, तेव्हा आळीतील एका वैद्यांनी नाडी न पाहता ओट्यावरून औषधाची पुडी खाली टाकली. त्या वेळी मला त्यात काही वावगे वाटले नाही, हे सांगताना आज लाज वाटते.

अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे शेकडो कृष्णवर्णीय उपदंशाच्या रोग्यांवर खरा उपचार न करता, रोग कसा बळावतो एवढेच पाहिले गेले. पेनिसिलीन मिळू लागल्यावरही ते त्यांना दिले नाही. हे वाचून आपण हळहळतो, आणि मागच्या बोळाकडे पाठ करून बसतो.

हाताने मैला उचलण्यास कायद्याने १९९३ साली व पुन्हा २०१३ साली बंदी केली. तरी माणसे गटारात गुदमरून मरतातच. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयास मृतांच्या वारसांची भरपाई तीस लाख रुपये करावी लागली. गटारातील वायू कोणाची जात विचारीत नाही खरा. परंतु तेथे कोणास उतरवावयाचे, हे ठरविताना ती विचारली गेलेली असते.

मी सुचवितो ती दुरुस्ती लहान आहे. आपल्या कार्यालयाचा कचरा रोज उचलणाऱ्या भगिनींना व त्यांच्या मुलांना या निधीतून औषधोपचार मिळावा. निधी आटेल, ही वडीलधाऱ्यांची चिंता रास्त आहे. म्हणून मुद्दलास हात न लावता, केवळ व्याजातून, प्रथम एक वर्ष हे करून पाहावे. ‘त्यांच्या स्वतःच्या संस्था नाहीत काय?’ असे मला खाजगीत विचारण्यात आले. आहेत, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत पुण्यातच १९९३ साली उभी राहिली. पण कचरा तर आपला आहे ना!

मसुदा चिटणीसांजवळ दिला आहे. तो दुपारच्या सभेत मतास यावयाचा आहे. तेव्हा भोजन झाल्यावर कृपा करून कोणी घरी जाऊ नये.