रास्पबेरी पाय: प्लग ओढण्याआधी

रास्पबेरी पायच्या बहुतेक मॉडेल्सना बंद करायचं बटणच नाही, म्हणून आपण सरळ प्लग ओढतो. इथेच घात होतो. त्या क्षणी एसडी कार्डवर काही लिहिलं जात असेल तर फाइल्स बिघडतात. कधी कधी पाय पुन्हा सुरूच होत नाही.

म्हणून पहिली कमांड पाठ करा: 'सुडो पॉवरऑफ'. हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला, की मगच प्लग काढा.

कार्ड किती भरलंय? 'डीएफ', स्पेस, 'डॅश एच'.

पाय तापलाय? 'व्हीसीजेनसीएमडी', स्पेस, 'मेझर अंडरस्कोर टेम्प'. ८० अंशांच्या पुढे तो स्वतःच वेग कमी करतो; हीटसिंक लावा.

आणि हो, महत्त्वाच्या फाइल्सची एक कॉपी दुसरीकडे ठेवाच. लाइट काही विचारून जात नाही! भेटू पुढच्या भागात.