हौशी रेडिओ : डिजिटल पद्धती आणि लहरींवरचा शिष्टाचार

पैशाचा किंवा व्यापाराचा हेतू न ठेवता, रीतसर परवाना काढून, स्वतःच्या संचावरून इतर परवानाधारकांशी बिनतारी संपर्क साधणे म्हणजे हौशी रेडिओ. असा संच चालवणाऱ्याला जगभर 'हॅम' म्हणतात. भारतात या छंदाचे नियमन 1978 च्या नियमावलीपासून चालत आले आहे. परवान्याचे जनरल आणि रिस्ट्रिक्टेड असे दोन दर्जे आहेत. जनरल परवानाधारकाची कॉल साइन सामान्यतः व्हीयू2 ने सुरू होते, तर रिस्ट्रिक्टेडची व्हीयू3 ने. कॉल साइन ही चालकाची लहरींवरची ओळख असते. ती लपवून बोलणे नियमात बसत नाही आणि रीतीतही नाही.

कोणत्या लहरी कुठे पोचतील हे भूगोल ठरवतो. फोंडाघाट हे कणकवली तालुक्यातले गाव सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी आहे. देवगड–निपाणी रस्ता इथूनच घाट चढून दाजीपूरकडे जातो. 144 ते 146 मेगाहर्ट्‌झच्या, म्हणजे दोन मीटर पट्ट्यातल्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. त्यामुळे उंचावर रिपीटर, म्हणजे आलेला संकेत पुन्हा प्रसारित करणारे केंद्र, नसेल तर पायथ्याच्या हातसंचाचा आवाज डोंगर ओलांडून कोल्हापूरला पोचणे कठीण. 7 मेगाहर्ट्‌झच्या लहरींना ही अडचण येत नाही. दोन माडांच्या मध्ये सुमारे वीस मीटर लांबीची तार फार उंच न बांधता ताणली, तर लहरी बऱ्याचशा सरळ वर जातात आणि आयनांबरावरून परतून घाटाच्या दोन्ही अंगांना उतरतात. दूर देशांशी बोलायचे तर 14 किंवा 21 मेगाहर्ट्‌झचे पट्टे वापरतात. 14 मेगाहर्ट्‌झला साधारण दहा मीटर तार पुरते.

या लहरींवरून संदेश पाठवण्याची सर्वांत जुनी पद्धत मोर्सची. एका अर्थी तीच पहिली डिजिटल पद्धत, कारण तिथे लहर एक तर असते, नाही तर नसते. पुढे टेलिप्रिंटर हवेतून चालू लागले. हॅम मंडळींच्या रेडिओ टेलिटाइपचा 45.45 बॉडचा वेग त्या यंत्रांकडूनच आला. घरोघरी संगणक आल्यावर ब्रिटनच्या पीटर मार्टिनेझ यांची पीएसके31 ही पद्धत 1998 च्या सुमारास लोकप्रिय झाली. सेकंदाला 31.25 चिन्हे, म्हणजे हाताने टंकणाऱ्याच्या वेगाला पुरेल एवढीच गती, आणि तीही अगदी अरुंद पट्टीत. या दोन्ही पद्धतींत माणूस कळफलकावर लिहितो आणि समोरचा वाचतो, त्यामुळे गप्पांना जागा राहते.

2017 मध्ये एफटी8 आली आणि चित्र बदलले. स्टीव्ह फ्रँकी आणि जो टेलर यांनी ती घडवली. नावातली दोन अक्षरे त्यांच्या आडनावांची आणि आठचा आकडा तिच्यातल्या आठ स्वरांचा. टेलर हे खगोलशास्त्रज्ञ. रसेल हल्स यांच्यासह त्यांनी जोडतारा-पल्सार शोधला आणि त्यासाठी दोघांना 1993 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. गोंगाटात बुडालेला क्षीण संकेत गणिताने बाहेर काढणे हा रेडिओ खगोलशास्त्राचा रोजचा उद्योग आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण हेच काम करते. तशा संकेतांच्या अभ्यासात मुरलेल्या माणसाचे कसब एफटी8 मधून सामान्य हॅमच्या टेबलावर आले.

एफटी8 मध्ये प्रत्येक मिनिटाचे पंधरा-पंधरा सेकंदांचे चार भाग केलेले असतात. एका भागात प्रत्यक्ष प्रसारण 12.64 सेकंद चालते. उरलेल्या वेळात समोरचा संगणक संदेश उलगडतो आणि उत्तर तयार होते. एका संदेशात 77 बिट माहिती असते. तिला चूक दुरुस्त करणाऱ्या संकेतांची जोड दिल्यामुळे वळवाच्या विजेचा एखादा कडकडाट मध्ये आला तरी संदेश बहुधा वाचतो. संकेताची रुंदी 50 हर्ट्‌झ. अडीच किलोहर्ट्‌झच्या पट्टीत मोजलेल्या गोंगाटाच्या सुमारे 21 डेसिबल खालचा, म्हणजे सव्वाशे पट दुबळा संकेतही उलगडता येतो. कान तिथे कधीच हरलेला असतो.

एका संपर्कात सहा संदेशांची देवघेव होते. पहिले स्थानक सीक्यू म्हणून सर्वांना हाक घालते आणि कॉल साइनसोबत आपला चौकोन कळवते. पृथ्वीचे दोन अंश रेखांश आणि एक अंश अक्षांशाचे चौकोन पाडले आहेत. फोंडाघाट, कणकवली आणि मालवण एमके66 मध्ये येतात, वेंगुर्ला एमके65 मध्ये आणि घाटमाथ्यापलीकडचे कोल्हापूर एमके76 मध्ये. दुसरे स्थानक दोन्ही कॉल साइन आणि आपला चौकोन पाठवते. पहिले त्याला संकेताची ताकद कळवते, समजा उणे 12. दुसरे 'आर' जोडून आपले मोजमाप देते. मग आरआर73 आणि शेवटी 73. आर म्हणजे मिळाले आणि 73 म्हणजे शुभेच्छा, ही तारायंत्राच्या काळापासूनची रीत. आरआर73 हा योगायोगाने एक चौकोनही आहे, पण तो पडतो आर्क्टिक महासागरात, त्यामुळे घोटाळ्याला फारसा वाव नाही. सारे दीड मिनिटात आटोपते.

हे सगळे वेळेवर चालते. भजनाच्या डबलबारी सामन्यात एका बुवांची बारी चालू असताना दुसरे बुवा थांबून ऐकतात, तसेच एक स्थानक सम पाळीत बोलते आणि दुसरे विषम पाळीत. म्हणून संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरून किंवा जीपीएसवरून अचूक लावून घेणे हे पहिले कर्तव्य. घड्याळ दोन-तीन सेकंदांनी चुकले की आपले कोणाला उलगडत नाही आणि दुसऱ्याची पाळी मात्र बिघडते.

दुसरे कर्तव्य ऐकण्याचे. 14.074 मेगाहर्ट्‌झपासून वरच्या जेमतेम तीन किलोहर्ट्‌झमध्ये जगभरची स्थानके दाटीने बसलेली असतात. पडद्यावरचा धबधबा, म्हणजे संकेतांचा वर-खाली सरकणारा आलेख, दोन्ही पाळ्यांत मिनिटभर पाहावा, मोकळी पट्टी शोधावी आणि तिथेच आपले प्रसारण स्थिर ठेवावे. समोरच्याच्या पट्टीवर जाऊन उत्तर देण्याची गरज नसते. संगणक सगळी पट्टी एकदम ऐकतो. मोर्समध्ये क्यूआरएल विचारून किंवा ध्वनिसंभाषणात 'ही फ्रिक्वेन्सी कोणी वापरत आहे का?' असे विचारून जे साधतात, ते इथे डोळ्यांनी साधावे लागते.

तिसरे कर्तव्य ताकद आवरण्याचे. संगणकाचा आवाज संचाला गरजेपेक्षा जास्त दिला की संकेत फाटतो आणि त्याची पिल्ले आजूबाजूच्या पट्ट्यांवर उमटतात. एएलसीचा, म्हणजे संचाची ताकद आपोआप आवरणाऱ्या यंत्रणेचा, काटा हलणार नाही इतपतच आवाज ठेवावा. बोलताना मध्ये मध्ये श्वास असतो. एफटी8 मध्ये संच पूर्ण बारा सेकंद सलग तापतो, म्हणून निम्म्या ताकदीवर चालवणे संचालाही मानवते. वीस-तीस वॅटमध्ये खंडे ओलांडली जातात.

उरलेला शिष्टाचार माणुसकीचा. युरोपला उद्देशून घातलेल्या हाकेला सिंधुदुर्गातून उत्तर देऊ नये. दोघांचा संपर्क चालू असताना तिसऱ्याने मध्ये घुसू नये. आठ-दहा हाकांना उत्तर आले नाही तर थांबावे आणि लहरींची दिशा बदलेपर्यंत ऐकत राहावे. संकेताची ताकद जशी दिसली तशीच कळवावी. कोणी चुकले तर लहरींवरून दटावू नये, कारण दटावणारा त्याच पट्टीवर दुसरा अडथळा होतो. संगणकाला संपर्क करायला सोडून चालकाने जेवायला जाणे हा तर छंदाचाच अपमान. प्रत्येक प्रसारणाची जबाबदारी परवानाधारकाची आहे. नोंदवहीत तारीख, समन्वित जागतिक वेळ, पट्टा आणि पद्धत लिहावी, आणि समोरच्याने मागितल्यास क्यूएसएल कार्ड किंवा ऑनलाइन नोंदीने संपर्काला दुजोरा द्यावा. व्यापारी निरोप, सांकेतिक भाषेतले गुप्त संदेश आणि गाणी यांना इथे थारा नाही. आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाने 2008 मध्ये स्वीकारलेल्या आचारपुस्तिकेचे सारही हेच : एकच आकाश सर्वांनी वाटून घ्यायचे आहे.

एफटी8 ची मर्यादाही ध्यानात ठेवावी. तिच्यात मोकळा मजकूर एका वेळी फक्त तेरा अक्षरांचा जातो. वादळात वीज आणि मोबाइल मनोरे बंद पडले, तर 'पूल वाहून गेला, औषधे पाठवा' एवढेही तिच्यात एका पाळीत सांगता येणार नाही. तिथे माणसाचा आवाज, मोर्स किंवा एफटी8 च्याच तंत्रावर 2018 मध्ये उभी राहिलेली, मजकूर पाठवणारी जेएस8कॉल अधिक उपयोगी. संकटाचा निरोप कानी पडताच इतरांनी आपले प्रसारण बंद करून पट्टी मोकळी करायची, आणि मदतीची ताकद असेल त्यानेच पुढे व्हायचे. हा नियम सर्व पद्धतींना सारखा लागू आहे.

परवान्याच्या परीक्षेला वयाची बारा वर्षे पूर्ण झालेली मुले बसू शकतात. विजेची प्राथमिक तत्त्वे आणि नियम हा तिचा अभ्यासक्रम. मोर्स फक्त जनरल दर्जाला लागते. शाळेच्या प्रयोगशाळेत एक ऐकण्याचा संच आणि वीस मीटर तार असली तरी तयारी सुरू होते, आणि बोलायला परवानगी मिळण्यापूर्वीच कान तयार झालेला चालक पुढे लहरींवर कोणाला त्रास देत नाही.