संकेतस्थळाची निगा



संकेतस्थळे बांधणारे आणि चालवणारे आपण सारे या संमेलनासाठी नागपूरच्या मनीषनगरात जमलो आहोत, म्हणून इथल्याच उदाहरणापासून सुरुवात करतो. वर्धा मार्गावरून इकडे येताना रेल्वे फाटकाशी ताटकळणे हा या वस्तीचा नित्यक्रम होता. मार्च 2019 मध्ये खापरी ते सीताबर्डी मेट्रो सुरू झाली. नोव्हेंबर 2020 मध्ये मनीषनगरचा रेल्वे उड्डाणपूल आणि वर्धा मार्गावरचा दुमजली पूल खुले झाले. येण्याजाण्याची रीतच बदलली. आता इथल्या एखाद्या दवाखान्याच्या संकेतस्थळावर ‘कसे याल’ या पानात जुनीच वाट असेल, तर बाहेरगावचा रुग्ण नाहक फिरत राहील. ते पान दुरुस्त करायला दहा मिनिटे पुरतात. माझे आजचे सगळे म्हणणे अशा दहा मिनिटांच्या कामांविषयी आहे.

आपल्याकडे संकेतस्थळ नव्याने बांधायला पैसा मिळतो, चालते ठेवायला मिळत नाही. दर काही वर्षांनी रंग बदलतात, मुखपृष्ठावर सरकती चित्रे येतात, उद्घाटन होते आणि आतला फोन नंबर मात्र बदलून गेलेल्या अधिकाऱ्याचाच राहतो. माणूस तिथे येतो तो वेळ, शुल्क, पत्ता आणि अर्ज शोधायला. या चार गोष्टी पहिल्याच पडद्यावर आणा. नंबर असा द्या की मोबाइलवर बोट ठेवताच फोन लागेल. अर्ज भरताना चूक झाली, तर नेमकी कुठल्या रकान्यात झाली ते मराठीत सांगा आणि आधी भरलेली माहिती पुसू नका.

मराठी मजकुराची निगा वेगळी राखावी लागते. एके काळी शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांत पाने तयार होत. समोरच्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला, की अक्षरांच्या जागी रोमन खुणांचा गोंधळ दिसे. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे. तरीही आज सूचना छापून, स्कॅन करून, चित्र म्हणून चढवली जाते. त्या चित्रातली अक्षरे शोधयंत्राला सहसा सापडत नाहीत, अंध वाचकाला सहजी ऐकू येत नाहीत. तीच सूचना युनिकोडमध्ये टाइप केली, तर दोन्ही अडचणी सुटतात. पानाच्या मांडणीत भाषा म्हणून मराठीचा संकेत द्या. काही फॉन्ट त्यावरूनच मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ निवडतात. इंग्रजीसाठी बेतलेले ओळींतले अंतर देवनागरीला तोकडे पडते. वेलांट्या, मात्रा आणि उकार एकमेकांना भिडतात. हे अंतर थोडे वाढवा. नवा फॉन्ट घेताना ‘दुसऱ्या’, ‘ऱ्हस्व’, ‘उद्घाटन’ असे शब्द मोबाइलवर लिहून पाहा.

वृद्ध आणि अपंग वाचकांची सोय हा उपकार नव्हे. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 ने ती हक्काच्या कक्षेत आणली आहे. जागतिक निकष स्पष्ट आहेत: साधा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट किमान 4.5 : 1 हवा, आणि या निकषांच्या ऑक्टोबर 2023 च्या आवृत्तीत बटणासाठी किमान 24 गुणिले 24 पिक्सेल जागा सांगितली आहे. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे डिझायनरला देखणी वाटतात. पण उन्हात उभ्या असलेल्या माणसाला ती दिसत नाहीत, आणि नागपूरच्या मे महिन्यात तर मुळीच नाहीत. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो. तो लावून आपले पान एकदा डोळे मिटून ऐका.

आता अद्ययावततेकडे वळतो. माहितीचा अधिकार अधिनियम 2005 च्या कलम 4 ने सार्वजनिक प्राधिकरणांना आपली माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायला आणि दरवर्षी अद्ययावत करायला सांगितले आहे. वाचनालये, शाळा, रुग्णालये, साहित्यसंस्था यांनी हा नियम सक्तीची वाट न पाहता स्वीकारावा. प्रत्येक पानाखाली तपासल्याची तारीख असावी. संपलेल्या कार्यक्रमाचे निमंत्रण मुखपृष्ठावरून काढावे, पण त्याचे पान जपावे. तो संस्थेचा इतिहास असतो. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी 1998 मध्येच बजावले होते, की पानांचे पत्ते बदलू नयेत. नूतनीकरणात पत्ता बदलावाच लागला, तर जुन्या लिंकवरून वाचक आपोआप नव्या पानावर पोहोचेल अशी व्यवस्था करा. एखाद्या अभ्यासकाने आपल्या प्रबंधात ती लिंक दिलेली असते.

हे सारे करणार कोण? जिथे सगळ्यांचे काम असते तिथे कोणाचेच होत नाही. म्हणून प्रत्येक विभागाच्या पानांची जबाबदारी एकेका व्यक्तीकडे द्या, तिला त्यासाठी कामाचा वेळ द्या आणि वार्षिक कंत्राटात देखभालीचा खर्च वेगळा दाखवा. चाचणीसाठी मोठी प्रयोगशाळा नको. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 2000 मध्ये दाखवून दिले, की पाच जणांकडून वापरून घेतले तरी बहुतेक मोठ्या अडचणी उघड होतात. शेजारचे निवृत्त शिक्षक, भाजी विकणाऱ्या काकू, बारावीची विद्यार्थिनी यांना अर्ज भरायला सांगा. मध्ये बोलू नका. ते जिथे अडतील तिथे दुरुस्ती करा.

तरुण मित्रांनो, तुमच्या कामाची यादी दाखवताना नव्याने बांधलेल्या संकेतस्थळांइतक्याच अभिमानाने सांभाळलेली संकेतस्थळेही दाखवा. अध्यक्ष म्हणून माझा एकच आग्रह आहे: या संमेलनाचा समारोप होण्याआधी प्रत्येक प्रतिनिधीने आपल्या हाती असलेल्या संकेतस्थळाचे एक पान निवडावे, आपल्या मोबाइलवर उघडावे आणि त्यातली एक चूक आजच दुरुस्त करावी. समारोपाच्या सत्रात त्या दुरुस्त्यांचे वाचन व्हावे, अशी विनंती मी संयोजकांना करतो.