सायकलस्वाराचा गुडघा

१९८० सालीं फ्रान्सच्या विख्यात सायकल-शर्यतींत बर्नार इनो आघाडीवर होता. परंतु गुडघ्याच्या दुखण्यामुळें त्याला शर्यत सोडावी लागली. १९८५ सालीं त्यानें तीच शर्यत जिंकली, ती ‘लूक’च्या नव्या पेडलांवर. बर्फावर घसरण्याच्या फळ्यांना बूट जखडण्याची युक्ति या पेडलांत उतरली होती. बुटाच्या तळाची पट्टी, म्हणजे क्लीट, पेडलांत खट्कन अडकते व टांच बाहेर वळवितांच सुटते.

सोय मोठी; पण धोकाहि तेथेंच. मिनिटास ८५ फेरे धरले तरी गुडघा तासांत ५,००० हून अधिक वेळां वांकतो. क्लीट तिरपी बसली तर जखडलेलें पाऊल वळूं शकत नाहीं आणि प्रत्येक फेऱ्याचा पीळ बिचाऱ्या गुडघ्यास सोसावा लागतो.

यासाठीं मेजाच्या कडेवर पाय लोंबते सोडून बसावें. पाऊल ज्या दिशेस आपोआप वळेल, तीच त्या क्लीटची दिशा. दोन्ही पावलें सारखींच वळतील असें मुळींच नाहीं! चवड्याचा उंचवटा पेडलाच्या आंसावर यावा. फेरफार करणें तो एकदोन मिलिमीटरचाच करावा व मग कांहीं दिवस सायकल चालवून पाहावी. ‘लूक’ची काळी क्लीट पाऊल मुळींच हलूं देत नाहीं, करडी ४.५ अंश देते, तांबडी ९. काळींत ऐट असेल. नवशिक्यानें तांबडीच घ्यावी.

दुखणें गुडघ्याच्या पुढील अंगास असेल, तर मात्र क्लीटला दोष देण्यापूर्वीं बैठकीची उंची पाहावी. ती फार खालीं असणें हेंच पुष्कळदां कारण निघतें.